लांबच्या गाडीवर जायचंय? आधी थांबायला शिक

भाच्याने अवजड वाहनाचं लायसन काढलं आणि संध्याकाळीच फोन केला, "मामा, आता लांबच्या गाडीवर कधी नेतोस?" मी म्हटलं, "गाडी पुढे न्यायला तू पंधरा दिवसांत शिकशील. थांबवायला वर्ष जाईल." त्याला वाटलं मामा टोलवतोय. टोलवत नव्हतो. 19 वर्षं मी लांब पल्ल्याच्या गाड्या चालवल्या, त्यातली 11 ट्रेलरवर, आणि गेली दोन वर्षं नव्या पोरांच्या शेजारच्या सीटवर बसतोय. त्या सीटसमोर ब्रेकचं पॅडल नसतं, तरी माझा पाय दिवसभर केबिनचा पत्रा दाबत असतो. पोरं चालवतात झकास. कधी थांबायचं आणि कसं थांबायचं, तिथेच सगळा घोळ.

फोनवर एवढं सगळं सांगता येईना, म्हणून लिहून काढलं. त्याच्यासारख्या आणखी कुणाला उपयोगी पडलं तर बरंच.

पहिला महिना गाडीखाली

माझ्या उस्तादांनी महिनाभर मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. उजाडायच्या आत टॉर्च हातात द्यायचे आणि म्हणायचे, "जा, आत जा." आत म्हणजे गाडीखाली. मला राग यायचा. आता मी पोरांशी तसाच वागतो.

खाली जायच्या आधी इंजिन बंद, चाकांना लाकडी ठोकळे आणि चावी स्वतःच्या खिशात. दुसऱ्याच्या खिशात नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर जायचंच नाही, कितीही घाई असो.

पहिलं काम हवेच्या टाक्यांचं. ट्रकचा ब्रेक कारसारखा तेलावर चालत नाही, हवेवर चालतो. कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून टाकीत भरतो, तिच्याबरोबर वाफ आत येते आणि टाकीत तिचं पाणी होतं. पाणी साठलं की हवेला तेवढी जागा कमी, आतून गंज, आणि कडाक्याच्या थंडीत बर्फ होऊन व्हॉल्व अडकतो. म्हणून टाकीच्या बुडाचा कॉक उघडून पाणी सोडायचं. नव्या गाड्यांना हवा कोरडी करणारा ड्रायर असतो, तरी कॉक उघडून बघत जा. पाण्याऐवजी तेलकट, काळं काही आलं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय, मेकॅनिकला दाखव.

आता एक गोष्ट पक्की डोक्यात बसव. पार्किंग ब्रेक हवेने लागत नाही, हवेने सुटतो. ब्रेक चेंबरमध्ये दणकट स्प्रिंग असते. हवा तिला दाबून धरते तोवर चाक मोकळं. हवा गेली की स्प्रिंग पसरते आणि चाक जाम. हवा संपली तर ब्रेक लागलाच पाहिजे, असा त्यामागचा विचार. तो मूळचा रेल्वेचा. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी 1872 मध्ये डबा तुटून हवेची नळी फाटली तरी आपोआप लागणारे ब्रेक आणले, तिथपासूनचा. पण चालत्या ट्रकला ती स्प्रिंग लागली तर गाडी तुझ्या मर्जीने थांबत नाही, स्वतःच्या मर्जीने थांबते. त्यामुळे हवेची सुई उतरायला लागली की वाट बघू नकोस. हवा शिल्लक आहे तोवर बाजूला घे. आणि तो चेंबर हौसेने खोलायला जाऊ नकोस, आतली स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर जातो.

ब्रेकची रोजची परीक्षा पाच मिनिटांची आहे. चाकांना ठोकळे लाव, इंजिन चालू ठेवून हवा पूर्ण भरू दे. बहुतेक गाड्यांत सुई 100 ते 125 पीएसआयच्या (हे हवेचा दाब मोजायचं माप) दरम्यान थांबते. इंजिन बंद कर, पार्किंग ब्रेक सोड, पायाचा ब्रेक घट्ट दाबून धर आणि घड्याळाकडे बघ. पहिल्या दाबाला सुई थोडी उतरेल, ती मोजू नकोस. नंतरच्या एका मिनिटात एकट्या गाडीत 3 पीएसआयपेक्षा जास्त आणि ट्रेलर जोडलेला असेल तर 4 पेक्षा जास्त उतरली, तर कुठेतरी गळती आहे. हे आकडे अमेरिकेतल्या ड्रायव्हिंग परीक्षेतले, मी सगळीकडे तेच धरतो. मग इग्निशन चालू करून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून हवा उतरवत जा. साधारण 60 च्या आसपास लाल दिवा नाहीतर बझर यायलाच हवा. आणखी उतरवलीस की 45 ते 20 च्या मध्ये कुठेतरी पार्किंग ब्रेक आपोआप लागतो. दिवा आला नाही तर गाडी हलवायची नाही. दिवाच गेला असेल, असं म्हणणारे भेटतील. असेल. बदलून घे आणि मग निघ.

त्यानंतर गाडीभोवती एक फेरी, रोज त्याच बाजूने, त्याच क्रमाने. मी ड्रायव्हरच्या दारापासून निघतो आणि तिथेच परत येतो. क्रम ठरलेला असला की एखादी गोष्ट राहिली तर पायच सांगतात. चाकाच्या नटापासून गंजाचा ओघळ निघालेला दिसला तर नट ढिला झालाय. जोडचाकांच्या मध्ये दगड अडकलाय का बघ. वेगात तो मागच्या गाडीची काच फोडतो. पाट्यांची, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगांची, एखादी पट्टी तडकलीय का, हबमधून (चाकाच्या मधल्या भागातून) ग्रीस झिरपतंय का, दिवे सगळे लागतात का. टायरवर हातोडी मारून आवाज ऐकणारे खूप, मीही मारायचो. पूर्ण बसलेला टायर आवाजाने कळतो, पण 20 पीएसआयने कमी असलेला कळत नाही, आणि फुटतो तो हाच. कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो, तापतो, तापून तापून सुटतो. गेज वापर आणि टायर थंड असताना मोज. स्टेपनी लावलीस तर 80 ते 100 किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळ.

आणि केबिनमधून उडी मारू नकोस. तोंड केबिनकडे करून, दोन हात-एक पाय नाहीतर दोन पाय-एक हात टेकलेला ठेवून उतरायचं. माझा डावा गुडघा रस्त्यावरच्या अपघाताने गेला नाही, रोजच्या उड्यांनी गेला.

किती लांबून ब्रेक लावायचा

80 च्या वेगाला गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एक सेकंद गेला असं धर. वर हवा नळ्यांमधून चाकांपर्यंत जायला आणखी साधारण अर्धा. म्हणजे चाकाला ब्रेक कळायच्या आधीच 33 मीटर संपले. खरं थांबणं त्यानंतर सुरू होतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, ही गोष्ट पोरांना पाठ असते. पायाला माहीत नसते.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही. रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा लवकर थांबते असं वाटतं ना? ट्रकचे ब्रेक, पाटे, टायर सगळं भरलेल्या वजनासाठी बनवलेलं असतं. रिकाम्या गाडीत टायर रस्त्याला धरत नाहीत, चाकं उड्या मारतात, लॉक होतात. ओल्या रस्त्यावर तर जास्तच. माल उतरवून मोकळ्या मनाने परत निघालेला ड्रायव्हर, हीच वेळ मला सगळ्यात धोक्याची वाटते.

पुढच्या गाडीपासून किती मागे राहायचं? गाडीच्या दर 3 मीटर लांबीला एक सेकंद, आणि वेग 65 च्या वर असेल तर आणखी एक. 18 मीटरचा ट्रेलर म्हणजे 7 सेकंद. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की मोजायला लाग. सातच्या आत तू खांबाशी पोचलास तर फार जवळ आहेस. कुणीतरी मध्ये घुसणार. रोज घुसतात. पुन्हा मागे हो. उस्ताद म्हणायचे, "घुसला तर घुसू दे, त्याला घरी बोलवायचं नाहीये."

नजर बॉनेटच्या पुढ्यात नको, 12 ते 15 सेकंद पुढे हवी, म्हणजे हायवेच्या वेगाला पाव किलोमीटर आणि वर. लांबवर ब्रेकचे लाल दिवे दिसले की तिथूनच पाय उचल. चांगल्या ड्रायव्हरच्या गाडीत बसलं की ब्रेक लागल्याचं कळतच नाही.

घाट

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे माणसं मरतात.

माझं चौथं वर्ष. गाडी भरलेली, लांबलचक उतार, मागे गाड्यांची रांग आणि हॉर्न. मी घाईत वरच्या गिअरमध्ये उतरायला लागलो आणि पाय ब्रेकवर टेकवून ठेवला. पाचेक किलोमीटरवर जळका वास आला. मला वाटलं पुढच्या गाडीचा असेल. मग पॅडल दाबलं तर गाडी नेहमीसारखी अडेना. आणखी दाबलं, तीच गत. हवेची सुई पूर्ण होती, म्हणजे हवा होती, ब्रेक नव्हता. सुदैवाने पुढे चढाचा तुकडा आला आणि गाडी त्यावर थकून थांबली. उतरून बघितलं तर ड्रममधून धूर, आणि माझ्या पायाला थरथर अशी की शेवटची पायरी सापडेना.

झालं काय होतं? ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा डबा, लायनर म्हणजे त्याला आतून घासून अडवणारा थर. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. तेवढंच पॅडल दाबून लायनर पूर्वीइतका टेकत नाही. शिवाय तापलेल्या लायनरची पकडच कमी होते. किती उष्णता असते, याचा हिशेब पुढे माझ्या मुलीने शाळेच्या वहीत करून दाखवला. 40 टनांची गाडी 500 मीटर उंचीवरून खाली आली की साधारण 196 मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. एक लिटर डिझेल जाळून साधारण 36 मेगाज्यूल मिळते. म्हणजे सगळं ब्रेकवर सोडलं तर पाच-साडेपाच लिटर डिझेल त्या ड्रममध्ये पेटवल्यासारखं. तिने वही पुढे सरकवली आणि विचारलं, "बाबा, मग ब्रेक वितळत कसे नाहीत?"

म्हणून उतार इंजिनने उतरायचा, ब्रेक फक्त मदतीला. उतार सुरू व्हायच्या आधी, वरच, वेग कमी करून खालचा गिअर टाक. एकदा वेग वाढला की खालचा गिअर पडत नाही, आणि त्या झटापटीत गाडी न्यूट्रलमध्ये राहिली तर इंजिनचाही आधार जातो. जुनी माणसं सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. जुन्या गाड्यांना ते ठीक होतं. आताच्या गाड्यांची ताकद जास्त, त्या वरच्या गिअरमध्ये चढतात, आणि तोच गिअर उतरताना पुरत नाही. एक-दोन खालचाच धर. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याच्या गाडीत बसूच नकोस. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटर सोडला की डिझेल तसंही बंद होतं, म्हणजे वाचतही काही नाही.

एवढं करूनही वेग वाढत असेल तर ब्रेक असा वापर. समजा या उताराला 40 हा वेग ठरवलास. सुई 40 वर गेली की ब्रेक ठाम दाब, तीनेक सेकंदांत 32 वर आण, आणि पूर्ण सोड. पुन्हा 40 झाले की पुन्हा. सोडलेल्या वेळात ड्रमला वारा लागतो. हलका पाय सतत टेकवून ठेवणं दिसायला सौम्य, पण ड्रम भाजून काढतं.

गाडीला एक्झॉस्ट ब्रेक, इंजिन ब्रेक किंवा रिटार्डर (चाकांचे ब्रेक न वापरता गाडी मंदावणारी साधनं) असेल तर घाटाच्या वरच चालू कर. इंजिन ब्रेकमागे एक गोष्ट आहे. 1931 मध्ये क्लेसी कमिन्स आपलं डिझेल इंजिन बसवलेला ट्रक घेऊन अमेरिकेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला निघाले होते. कॅलिफोर्नियातला कॅहोन पास हा घाट उतरताना ब्रेक गेले आणि खाली फाटकावरून मालगाडी जात होती. थोडक्यात वाचले. डोक्यात तो उतार राहिला आणि पुढे त्यांनी इंजिनलाच ब्रेक बनवायची युक्ती काढली. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते त्या टोकाला एक्झॉस्ट व्हॉल्व उघडून ती सोडून द्यायची, म्हणजे दाबायला लागलेली ताकद वायाच जाते आणि चाक मंदावतं. 1961 पासून तो ब्रेक बाजारात आला. तो ढगढग आवाज म्हणजे तेच. फक्त रस्ता निसरडा असेल आणि गाडी रिकामी असेल तेव्हा तो बंद ठेव. तो फक्त इंजिनने फिरणाऱ्या चाकांनाच अडवतो, ती घसरली की ट्रेलर मागून येऊन केबिनला वळवतो.

आणि शेवटी ब्रेक गेलेच, तर बाजूला वाळूचा किंवा खडीचा चढता रस्ता ठेवलेला असतो तो घे. लाज वाटून पुढे जाणारे असतात. गाडी रुतेल, बाहेर काढायला क्रेन लागेल, मालक ओरडेल. ओरडू दे.

ट्रेलर मागे घेणं

मागे घेताना ट्रेलर उलटा वळतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि पहिले सहा महिने कुणालाच जमत नाही. सोपी युक्ती: हात स्टिअरिंगच्या तळाशी धर. ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला हवं, त्याच बाजूला हात ने. थोडं फिरव, थांब, ट्रेलर ऐकतोय का बघ. पोरं फिरवतात, लगेच काही होत नाही म्हणून आणखी फिरवतात, आणि मग एकदम सगळं होतं. बिघडलं तर पुढे घेऊन सरळ कर. पुढे घेतलं म्हणून कुणी हसत नाही.

शक्यतो ड्रायव्हरच्या बाजूला वळून मागे घे, मान बाहेर काढून टोक दिसतं. दुसऱ्या बाजूने काहीच दिसत नाही. कळलं नाही तर गाडी थांबव, उतर, चालत जाऊन बघ. वरही बघ, फांद्या आणि तारा मागच्या आरशात नसतात. मी एका गोदामात खांब वाकवला. खांब मी पाहिला होता, दहा मिनिटांपूर्वी.

ट्रेलर जोडताना किंगपिन (ट्रेलरच्या पुढच्या बुडाचा जाड खिळा) ओढणाऱ्या गाडीवरच्या जबड्यात बसला असं समजू नकोस, टॉर्च घेऊन वाकून बघ. जबडा पिनच्या मानेभोवती मिटलेला हवा, वरच्या आणि खालच्या पत्र्यांत फट नको. मग ट्रेलरचे ब्रेक लावून हलक्या गिअरमध्ये पुढे ओढून बघ. हवेच्या नळ्या जोडल्या, ट्रेलरचे टेकूचे पाय वर केले, मगच निघ.

माल

मालाला पाय नसतात, पण तू थांबलास तरी तो थांबत नाही. युरोपात माल बांधण्याचं जे मानक आहे त्यात माल पुढे जाऊ नये म्हणून त्याच्या वजनाच्या 80 टक्के, आणि बाजूला व मागे 50 टक्के जोर धरता यायला हवा असं गणित आहे. 10 टन मालाला पुढच्या बाजूने 8 टनांचा अडसर. नुसत्या ताडपत्रीवर आणि नशिबावर हे होत नाही.

एकदा लोखंडी पाइप भरले होते. भरणाऱ्या ठिकाणी घाई होती, मीही घाईत, वरून दोन पट्टे टाकले. शहराबाहेर पडताना सिग्नलला जरा जोरात थांबलो आणि मागून रेल्वे आल्यासारखा आवाज झाला. पाइप घसरून केबिनमागच्या पत्र्याला फूटभर पोचा पाडून थांबले होते. पत्रा नसता तर हे लिहायला मी नसतो. तेव्हापासून गोल माल पुढच्या भिंतीला टेकवूनच भरतो, मध्ये फट ठेवत नाही, पट्ट्यांखाली कोपरे घालतो आणि फळीवर माती-तेल असेल तर आधी झाडून घेतो. घर्षण फुकटचं असतं.

निघाल्यावर पहिल्या 80 किलोमीटरच्या आत थांबून पट्टे बघ. माल बसतो आणि पट्टे ढिले पडतात. नंतर दर तीन तासांनी.

टँकरवर गेलास तर अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा वाईट, हे लक्षात ठेव. आतलं पातळ पुढे-मागे आदळतं. गाडी थांबली, तू ब्रेक सोडलास, आणि मागून लाट येऊन गाडी पुढे ढकलली, असं होतं. थांबल्यावर पाय ब्रेकवरच ठेव. आतमध्ये लाट मोडायला पडदे असतात, पण दुधाच्या टँकरमध्ये धुवायला अडचण नको म्हणून बरेचदा ते नसतात.

उंचीबद्दल एवढंच. भरलेली गाडी ज्या पुलाखालून गेली, त्याखालून रिकामी जाईलच असं नाही. रिकामी झाली की पाटे उचलतात.

झोप

मी दोनदा झोपलो आहे स्टिअरिंगवर. दुसऱ्या वेळी पहाटे चारला, सरळ रस्त्यावर. जाग आली ती डाव्या चाकांखाली खडी वाजल्याने. त्याआधीचा एक वळणाचा फलक मला आजही आठवत नाही, आणि तो मी पार केला होता.

डुलकी तीन-चार सेकंदांची असते. 80 च्या वेगाला चार सेकंद म्हणजे जवळजवळ 90 मीटर, डोळे मिटून. 1997 मध्ये 'नेचर'मध्ये छापलेल्या एका अभ्यासात सलग 17 तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्यासारखे चालतात, असं दिसलं. 24 तास जागलेल्याचे 0.10 टक्क्यांसारखे. दारू पिऊन गाडीवर न बसणारी माणसं रात्रभर जागून बसतात आणि त्याचा अभिमानही बाळगतात.

रात्री दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार, या दोन वेळांना शरीर झोप मागतंच. गाणी लावणं, खिडकी उघडणं, तोंडावर पाणी मारणं, सगळं मी करून बघितलंय. दहा मिनिटं टिकतं. खरं औषध एकच, झोप. सुरक्षित जागी लाव, 20 मिनिटांचा गजर लाव, डोळे मिट. उठल्यावर लगेच निघू नकोस, डोकं जागं व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात गाडीला फेरी मार. एक लेन कधी सोडली ते आठवत नाही, आरशात बघायला कंटाळा येतोय, मान खाजवतोयस, उगाच चिडतोयस. जांभईच्या आधी येणाऱ्या या खुणा आहेत. तिथेच थांब.

कायदेही असतात. युरोपात साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटं थांबावं लागतं. अमेरिकेत सलग 10 तास सुट्टीनंतर 11 तास चालवता येतं, तेही 14 तासांच्या आत. भारतात 1961 च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यात दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती; 2025 मध्ये त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. कायदा कुठलाही असो, माल लवकर पोचवायला सांगणारा फोन सगळीकडे येतो. मला एका ऑफिसातून रात्री दीडला फोन यायचे: "कुठे पोचलास? अजून तिथेच?" मी उत्तर ठरवून ठेवलं होतं. "झोपतोय. सहाला निघतो." पहिल्यांदा शिव्या बसल्या. नंतर त्यांनी दीडला फोन करणं सोडलं.

घरी जोरात घोरतोस असं सगळे म्हणत असतील आणि रात्रभर झोपूनही दिवसा डोळे जड होत असतील, तर डॉक्टरला दाखव. झोपेत श्वास अडकण्याचा आजार आमच्या धंद्यात बऱ्याच जणांना असतो आणि त्यावर उपाय आहे.

बाकीचा दिवस

दिवसाचं म्हणशील तर फार सांगण्यासारखं नाही. बसून बसून पाठ जाते, म्हणून दर थांब्याला गाडीभोवती तीन चकरा. लघवी तुंबवून ठेवू नकोस, पाणी पिणं टाळू नकोस. आमच्यात मूतखडे उगाच होत नाहीत. जड जेवण करून लगेच निघू नकोस. मोबाइल हातात घ्यायचा तो हँडब्रेक लावल्यावर.

घरच्यांशी फोनची एक वेळ ठरव आणि ती गाडी उभी असतानाची ठरव. चालू गाडीत भांडण झालं तर ते दोनशे किलोमीटर डोक्यात चालत राहतं. एकटेपणाला माझ्याकडे उपाय नाही. काहीजण मोठ्याने बोलतात. मी गाडीशी बोलायचो, आणि ती बहुतेक वेळा माझ्यापेक्षा शहाणी निघायची.

मुक्कामाला पोचलास की लगेच चावी फिरवू नकोस. चढ किंवा ओझं खेचून आलेल्या इंजिनचा टर्बो लालबुंद असतो. तीन ते पाच मिनिटं इंजिन मंद चालू ठेव, तेल फिरून त्याला थंड होऊ दे. तेवढ्यात वहीत किलोमीटर, हवेचे आकडे आणि आज काय वेगळं वाजलं ते लिही. मग उतरून प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू ने, टेकवू नकोस. एकच हब बाकीच्यांपेक्षा तापलेला असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. रात्रीच सांग, सकाळी निघायच्या वेळी नाही.

तर भाचेसाहेब, सोमवारी पहाटे पाचला ये. चपला नकोत, बूट घाल. टॉर्च, वही आणि टायर गेज आण. स्टिअरिंग मिळणार नाही.